हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : मुंबई ते दिल्ली

मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांमध्ये अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर कोणाला विचारावे, यावर ते उत्तर अवलंबून असते. रेल्वेचे वेळापत्रक मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे अंतर १,३८४ किलोमीटर सांगते. रस्त्याने जाणारा मालमोटारचालक ते १,४०० किलोमीटरांच्या आसपास मोजतो. विमानाच्या संदर्भात मात्र हेच अंतर सुमारे १,१४० किलोमीटर म्हणून दिले जाते. दोन्ही शहरे आपापल्या जागी स्थिर आहेत. तरीही एका मोजणीत आणि दुसरीत अडीचशे किलोमीटरांची तफावत पडते.

या तफावतीचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. लोहमार्गाला चढ सोसवत नाही. मुंबईहून निघालेला पश्चिमेकडील मार्ग प्रथम गुजरातच्या सपाटीवरून बडोद्यापर्यंत जातो, तेथून पूर्वेकडे वळून रतलामला माळव्याच्या पठारावर चढतो आणि कोटा, सवाई माधोपूर, मथुरा असा दिल्लीला पोहोचतो. सातपुडा आणि विंध्य यांच्या रांगा आडव्या पसरलेल्या असल्याने हा वळसा त्याला चुकवता येत नाही. विमानाला या रांगांची अडचण नाही. म्हणून हवाई अंतर हे दोन स्थळांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर, असे समजले जाते. ही व्याख्या अचूक आहे. मात्र कोणतेही विमान नेमके तेवढेच अंतर कापून दिल्लीला उतरते, असे मानणे चुकीचे ठरेल.

प्रथम हा आकडा मिळतो कसा, ते पाहू. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. शालेय गणित पुरेसे आहे. मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा विमानतळ २८ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश ६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक ९ अंश २९ मिनिटे, म्हणजे एकूण ५६९ मिनिटे. आता, नाविकांनी आपला मैल ठरवताना मोठी दूरदृष्टी दाखविली होती. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, असे त्यांनी मानले. आज हा मैल १.८५२ किलोमीटरांचा धरतात आणि वैमानिकही अंतर त्याच मापाने मोजतात. तेव्हा दिल्ली ही मुंबईच्या उत्तरेस ५६९ सागरी मैल आहे, हे उत्तर वजाबाकीतच हाती येते.

पूर्व-पश्चिम अंतराच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. रेखांश विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना ते जवळ येत जातात. म्हणून रेखांशांतील फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. येथे फरक ४ अंश १४ मिनिटे, म्हणजे २५४ मिनिटे. मधला अक्षांश सुमारे २४ अंश आणि त्याची कोज्या ०.९१४. गुणाकार येतो २३२. म्हणजे दिल्ली मुंबईच्या पूर्वेस २३२ सागरी मैल आहे. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू झाल्या. कर्ण पायथागोरसच्या सिद्धांताने काढला की ६१४ सागरी मैल, अर्थात सुमारे १,१३८ किलोमीटर हे उत्तर मिळते. पृथ्वी हा परिपूर्ण गोल नसून ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, हे लक्षात घेऊन काटेकोर गणित केल्यास त्यात दोन-तीन किलोमीटरांचा फरक पडतो. भारतातल्या कोणत्याही दोन शहरांचे हवाई अंतर वाचकाला नकाशासंग्रह जवळ घेऊन याच रीतीने काढता येईल.

ही सोपी रीत लांबच्या अंतरांना मात्र लागू पडत नाही. तेथे पृथ्वीची वक्रता आपला प्रभाव दाखवू लागते. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा त्या दोन बिंदूंतून आणि गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाचा कंस असतो. या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. शाळेच्या भिंतीवरील मर्केटर पद्धतीच्या नकाशावर हा कंस वाकडा दिसतो आणि सरळ दिसणारी रेषाच खरी लांब असते. दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही जोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांच्या रेखांशांत १६० अंशांचा फरक आहे. म्हणजे ती जवळजवळ पृथ्वीच्या एकमेकांविरुद्ध बाजूंना आहेत. नकाशा पाहणाऱ्याला वाटते की, दिल्लीहून पूर्वेकडे चीन, जपान आणि पॅसिफिक महासागर ओलांडून जाणे हाच सरळ मार्ग. गोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो दोरा दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, तिबेट व सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडे जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. या मार्गाची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

हा सर्वांत जवळचा मार्ग असूनही विमाने तो घेत नाहीत, आणि त्याचे एक कारण भारतीय वाचकाच्या अगदी निकटचे आहे. हिमालय ओलांडणे आधुनिक विमानाला अवघड नाही. ते एव्हरेस्टपेक्षाही उंच उडते. अडचण उद्भवते ती विमानातील हवेचा दाब अकस्मात नाहीसा झाल्यास. अशा वेळी वैमानिकाला श्वास घेता येईल इतक्या उंचीवर, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत, तातडीने खाली उतरावे लागते. कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू मोजक्या मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठारावर जमीनच साडेचार हजार मीटरांच्या आसपास आहे. तेथे खाली उतरायला जागाच नाही.

परंतु आपण पुन्हा मुंबईच्या धावपट्टीकडे येऊ. येथून दिल्ली ईशान्येपेक्षा उत्तरेकडे अधिक झुकलेल्या दिशेला आहे. उत्तर दिशेपासून सुमारे २२ अंश पूर्वेकडे. विमानाने मात्र वाऱ्याला सामोरे जाऊन उड्डाण करायचे असते आणि मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वर्षातील बराच काळ वारा समुद्रावरून येतो. त्यामुळे दिल्लीला निघालेले विमान प्रथम पश्चिमेला झेपावते, किनारा ओलांडून अरबी समुद्रावर जाते आणि मग उजवीकडे वळून उत्तरेचा मार्ग धरते. प्रवाशाला खिडकीतून पाणी दिसते तेव्हा तो दिल्लीच्या जवळ जात नसून किंचित दूरच जात असतो. दिल्लीलाही हाच प्रकार उलट क्रमाने घडतो. तेथील चारही धावपट्ट्या साधारणतः पूर्व-पश्चिम दिशेच्या आहेत आणि वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो. नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेस जाऊन, मागे वळून, पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते.

या दोन टोकांच्या मधला मार्गही सरळ रेषेत असतोच असे नाही. पूर्वी विमाने जमिनीवरील रेडिओ-दीपांच्या साहाय्याने एका दीपावरून दुसऱ्या दीपावर अशी जात. आकाशातील मार्ग म्हणजे हे दीप जोडणाऱ्या रेषांची माळ असे. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान कळू लागल्यावर हे बंधन सैल झाले; भारतीय विमानतळ प्राधिकरण व भारतीय अंतराळ संशोधन संघटना यांनी मिळून उभारलेली ‘गगन’ ही प्रणाली याच कामाची. तथापि, आकाश सर्वत्र मोकळे नसते. लष्करी विमानांच्या सरावासाठी, क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी व अन्य कारणांसाठी राखून ठेवलेले प्रदेश नागरी विमानांना टाळावे लागतात. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ ६० टक्के भाग मुक्तपणे उपलब्ध आहे, असे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सांगितले होते व अधिक मार्ग खुले करण्याचे धोरण त्याच वेळी जाहीर केले होते. शिवाय उंचीचाही नियम आहे. उत्तर ते पूर्व ते दक्षिण या अर्धवर्तुळात जाणाऱ्या विमानांना विषम हजार फुटांची उंची मिळते, उरलेल्या अर्धवर्तुळात जाणाऱ्यांना सम हजारांची. म्हणून दिल्लीला जाणारे विमान ३५ हजार फुटांवरून जात असेल, तर मुंबईला परतणारे ३४ किंवा ३६ हजार फुटांवर असते आणि समोरासमोर येणारी विमाने हजार फुटांच्या अंतराने सुखरूप पार होतात.

आता वेळेचा विचार करू. या मार्गावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट असतो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड असते आणि थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होऊन सेकंदाला सुमारे २९५ मीटर होतो. त्याची ०.७८ पट म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर. या वेगाने १,१४० किलोमीटर जाण्यास एक तास बावीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रक मात्र सव्वादोन तास सांगते. मधली पन्नास-पंचावन्न मिनिटे कोठे जातात?

वेळापत्रकातील वेळ ही उड्डाणाची वेळ नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. चाकांखालचे अडथळे काढून विमान जागेवरून हलते त्या क्षणापासून, गंतव्य विमानतळावर ते पुन्हा जागेवर थांबून चाकांना अडथळे लावले जातात त्या क्षणापर्यंतचा तो काळ असतो. त्यात मुंबईत धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे आणि रांगेत थांबणे यांची पंधरा मिनिटे आली. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि त्या एकीवरून दिवसाला नऊशेहून अधिक उड्डाणे व अवतरणे झालेली आहेत. नंतर विमान चढू लागते. तीन हजार मीटरांच्या खाली वेगावर ताशी सुमारे ४६० किलोमीटरांची मर्यादा असते, आणि पूर्ण उंची गाठेपर्यंत बावीस-तेवीस मिनिटे व सुमारे २२० किलोमीटर खर्ची पडतात. मग खऱ्या अर्थाने वेगवान असा सातशे किलोमीटरांचा टप्पा. त्याला जेमतेम पन्नास मिनिटे. जयपूर जवळ येण्यापूर्वीच विमान खाली उतरण्याच्या तयारीला लागते, कारण दर हजार फूट उतरण्यासाठी सुमारे तीन सागरी मैल हाताशी असावे लागतात. या उतरणीला पंचवीस मिनिटे, दिल्लीभोवतीच्या वळशाला व रांगेला दहा, आणि जमिनीवर उतरल्यावर थांब्यापर्यंत जाण्यास आणखी बारा. बेरीज दोन तास चौदा मिनिटे. विमान ज्या वेगासाठी बांधलेले आहे त्या वेगाने ते एकूण वेळेच्या निम्म्याहूनही कमी काळ जाते. साऱ्या प्रवासाचा सरासरी वेग काढला तर तो ताशी पाचशे दहा किलोमीटरांच्या पुढे जात नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. विमान ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत असल्यास ते वेळेवर असल्याचे धरण्याचा प्रघात आहे. उशिराची नामुष्की टाळण्यासाठी विमान कंपन्या वेळापत्रकातच थोडी मिनिटे जादा घालून ठेवतात. ‘वेळेआधीच पोहोचलो’ ही वैमानिकाची घोषणा ऐकून प्रवासी सुखावतो, ते बहुधा या शिलकीतून.

वारा हा या हिशेबातील सर्वांत लहरी घटक होय. विमानाचा वेग हा हवेच्या सापेक्ष असतो. हवा स्वतःच वाहत असेल, तर जमिनीवरील वेग त्यानुसार वाढतो किंवा घटतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जेट प्रवाह असतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर ही नित्याची गोष्ट आहे. कित्येकदा तो याहून पुष्कळ अधिक असतो. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाला ताशी दीडशे किलोमीटरांचा हा वारा बाजूने आणि थोडासा पाठीमागून लागतो. मार्गावरून ढळू नये म्हणून विमानाला आपले नाक वाऱ्याकडे साडेनऊ अंश वळवून ठेवावे लागते. नदी ओलांडणारा नावाडी प्रवाहाच्या वरच्या बाजूला नावेचे तोंड करतो, तसेच हे आहे. त्रिकोणमितीने पाहता जाताना जमिनीवरील वेग ताशी ८७५ किलोमीटर होतो आणि येताना ७६२. सातशे किलोमीटरांच्या टप्प्यात हा फरक सात मिनिटांचा.

दिल्ली–कोलकाता या मार्गावर तो अधिक ठळक दिसतो, कारण तेथे वारा मार्गाच्या जवळपास समांतर वाहतो. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८०० आणि वारा १६० किलोमीटर मानू व चढ-उतार सोडून देऊ. कोलकात्याला जाताना एक तास एकवीस मिनिटे लागतील आणि परतताना दोन तास दोन मिनिटे. जाताना मिळालेला लाभ येताना गमावला, म्हणजे फिटंफाट झाली, असे कोणी म्हणेल. पण तसे घडत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून सव्वातीन तास लागले असते. वाऱ्यामुळे तीन तास तेवीस मिनिटे लागतात. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून जाण्या-येण्याच्या फेरीत वारा नेहमी नुकसानच करतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. हा पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक जेट प्रवाह चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर प्रस्थापित होतो. या प्रवाहाचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी लावला. त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. प्रवासी विमाने त्याच्या गाभ्याच्या खालून जातात, तरी त्याचा स्पर्श त्यांना होतो. मोसमी पावसाच्या अभ्यासात या प्रवाहाला जे महत्त्व आहे, तो एक स्वतंत्र विषय ठरेल.

वाऱ्याचे पारडे किती जड असू शकते, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसून आले. एअर इंडियाने २०१५ च्या अखेरीस सुरू केलेली ही सेवा प्रथम युरोप व अटलांटिक महासागरावरून, सुमारे १४ हजार किलोमीटरांच्या मार्गाने जात असे आणि या मार्गावर पश्चिमेचा वारा सतत तोंडावर येई. पुढे विमान उलट बाजूने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग हजाराहून अधिक किलोमीटरांनी लांबचा. एकूण १५ हजार किलोमीटरांवर. तरीही पाठीशी वारा असल्याने तो सुमारे साडेचौदा तासांत पुरा झाला आणि जवळच्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास वाचले. लांबचा रस्ता लवकर संपला. जानेवारी २०२१ मध्ये याच कंपनीने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर ही विनाथांबा सेवा सुरू केली. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील केवळ महिला वैमानिकांच्या तुकडीने ते पहिले विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणले.

निसर्गापेक्षा माणसाने घातलेले अडथळे काही वेळा अधिक खर्चाचे ठरतात. २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्णपणे खुले झाले नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद करण्यात आले आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे, गुजरात व अरबी समुद्राकडे यावे लागते आणि मग पश्चिमेची वाट धरावी लागते. बृहद्वृत्त तसेच राहते. प्रवास तासातासाने वाढतो. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी मध्ये कोठेतरी उतरावे लागले. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्यांना या बदलाचा उपसर्ग फारसा झाला नाही, कारण त्यांचा मार्ग मुळातच समुद्रावरून होता.

वेगाच्या इतिहासाकडे पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर आणले. त्या विमानाचा वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर होता. जुहूहून पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमाने आली. त्यांचा वेग ताशी २७० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबई–दिल्ली हा प्रवास थेट केला तरी चार तासांहून अधिक वेळ घेई.

या डाकोटांच्या काळात अंतर आणि वेळ यांचे गणित देशाच्या कारभाराला कसे उपयोगी पडले, याचे उत्तम उदाहरण नागपूरने घालून दिले. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८० किलोमीटर. डाकोटाच्या वेगाने ही अंतरे अडीच ते पावणेचार तासांची होतात. चारही महानगरांतून दिवसभराचे टपाल घेऊन चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाट होण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. कलकत्त्यास संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटले जाऊ शके. त्याच वर्षापासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्यास सुरुवात झाली होती, त्यामुळे हा लाभ साध्या पोस्टकार्डालाही मिळे. विमाने संथ होती. पण ज्या वेळी माणसे झोपलेली असतात तोच वेळ वापरात आणल्यामुळे पत्राच्या दृष्टीने प्रवासाला वेळ लागलाच नाही. ही सेवा चालविणाऱ्या वैमानिकांना विंध्य-सातपुड्यावरील पावसाळी रात्रींतून, आजच्या रडारच्या मदतीवाचून, जावे लागे, हे विसरून चालणार नाही.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. १९५७ मध्ये तिच्याकडे व्हायकाउंट विमाने आली, १९६४ मध्ये कॅराव्हेल जातीची जेट विमाने, आणि १९७६ मध्ये एअरबस. कॅराव्हेलचा वेग ताशी ८०० किलोमीटरांच्या घरात होता. म्हणजे १९३२ ते १९६४ या बत्तीस वर्षांत वेग पाचपट झाला आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत तो जवळजवळ आहे तेथेच थांबला. ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर हवेचा रोध एकदम वाढतो व इंधन बेसुमार लागते. त्यामुळे विमान कंपन्यांनी वेगाऐवजी काटकसरीची निवड केली. यंत्रे सुधारली, आवाज कमी झाला, अपघात घटले. दिल्लीला पोहोचण्याचा वेळ मात्र कमी झाला नाही, उलट गर्दीमुळे थोडा वाढलाच. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई राजधानी एक्सप्रेसने लोहमार्गावर तुलनेने अधिक प्रगती केली आहे, असे म्हणावे लागेल.

घड्याळाचा घोळ देशांतर्गत प्रवासात उद्भवत नाही, कारण संपूर्ण भारत ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची एकच प्रमाणवेळ पाळतो. एके काळी तो उद्भवत असे. मुंबईने आपली स्थानिक वेळ, जी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, १९५५ पर्यंत टिकवून धरली होती. परदेश प्रवासात मात्र तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणारा फसतो. मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला संध्याकाळी सहाला पोहोचणारे विमान पाच तासांत ७,२०० किलोमीटर गेलेले नसते. त्यात हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मिळवावे लागतात. वैमानिक व नियंत्रक हा गोंधळ टाळण्यासाठी जगभर एकच समन्वित वैश्विक वेळ वापरतात.

वैमानिकाला हे सारे गणित उड्डाणापूर्वीच करावे लागते, कारण त्यावर इंधन ठरते. दिल्लीपर्यंतचे इंधन, त्यावर आकस्मिक कारणांसाठी काही, दिल्ली बंद असल्यास जयपूर किंवा लखनौसारख्या पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि तेथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके आणखी. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ही तरतूद कागदावर राहत नाही. अशा पहाटे दोन तासांचा प्रवास कित्येकदा सात-आठ तासांचा होतो, आणि त्यातील बराचसा भाग दिल्लीपासून दूर, जयपूरच्या फरशीवर उभे राहून जातो.

सर्वसामान्य प्रवाशाला पाच-पंचवीस मिनिटांचा फरक सोसण्यासारखा असतो. परंतु अवयवरोपणासाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठविल्या जाणाऱ्या हृदयाचा प्रवास तसा नसतो. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय सुमारे चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात धडधडू लागले पाहिजे. या चार तासांत रुग्णालय ते विमानतळ, उड्डाण, पुन्हा विमानतळ ते रुग्णालय आणि शस्त्रक्रियेचा काही भाग, एवढे सर्व बसवावे लागते. नागपूर ते मुंबई हे अंतर विमान ताशी आठशे किलोमीटरांऐवजी नऊशेने गेले, तरी वाचतील ती पाच-सहा मिनिटे. म्हणून अशा वेळी वेग वाढविण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. पोलीस रस्त्यावरील वाहतूक थांबवून वाट मोकळी करतात. हवाई नियंत्रक त्या विमानाला रांगेत न थांबविता प्रथम सोडतात आणि उतरतानाही प्रथम उतरवितात. पेटी घेतलेला डॉक्टर विमानाच्या शिडीपाशीच रुग्णवाहिकेत बसतो.